थोरलीचा ठोका

लग्नानंतरचं पहिलं वर्ष-सव्वा वर्ष मी सासऱ्यांशी एक शब्दही बोलले नाही. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. सुनेनं मामंजींसमोर जाताना पदर कपाळापर्यंत ओढायचा, दोन्ही कान झाकले जातील असा, आणि काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सांगायचं. त्या पुढं पोचवणार. मामंजींना मला काही सांगायचं असलं तरी तेच. मी समोर चहाचा कप घेऊन उभी असले तरी ते आत्याबाईंकडं बघून म्हणायचे, "अगं, तिला म्हणावं साखर जरा बेतानं घाल."

आत्याबाई माझ्याकडं वळायच्या. "साखर बेतानं घाल म्हणत्यात."

मी मान हलवायची. आत्याबाई परत त्यांच्याकडं वळायच्या. "घालती म्हणती."

मी काही म्हणालेली नसायची. माझा स्वभाव तसा गप्प बसणाऱ्यातला नाही. रीतीनं बसवलं म्हणून बसले. आत्याबाईंनाही या पोस्टमनच्या कामाचा कंटाळा यायचा, आणि कंटाळा आला की त्या निरोपात स्वतःचं थोडं घालायच्या. एकदा मी नुसतं "भाजी संपत आली आहे" असं म्हटलं, तर पलीकडं पोचलं ते "कवाधरनं सांगती, भाजी आणा म्हणून, पर ऐकतंय कोण."

माझं माहेर पलूसच्या बाजूला, ऊसवाल्या गावात. बाहत्तरचा दुष्काळ सरला, विहिरींना पाणी आलं, तेव्हा कुठं वडिलांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं आणि मी साताऱ्यात आले. घर कौलारू होतं, मागं पत्र्याची शेड. नवरीच्या वेशात अंगणात उतरले तर पहिल्यांदा दिसली ती शेड, आणि शेडमध्ये विटांच्या थरांवर चढवलेली, चाकं काढलेली, पोट उघडं टाकून बसलेली एक लांब नाकाची मोटार. आत्याबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ती तुझी थोरली जाऊ. तिच्या पाया पडायचं न्हाई येवढंच, बाकी सगळा मान तिचाच."

तेव्हापासून मीही तिला थोरलीच म्हणायला लागले.

थोरली विलायती होती, उघड्या टपाची, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. शिराळ्याकडच्या एका मळ्यात चिंचेखाली ती वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या खुडूक बसायच्या. मामंजींनी मालकाला भरीला घालून, रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकमध्ये चढवून ती घरी आणली. सीट उचकटली तेव्हा आतून अंड्यांची टरफलं निघाली, आणि आत्याबाई म्हणाल्या की निदान तेवढी तरी कमाई झाली.

हा नाद घरात तिसऱ्या पिढीचा. माझे आजेसासरे टांगे बांधायचे. मोटारी आल्या आणि टांग्यांचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मोठ्या लोकांच्या मोटारी त्यांच्याकडं यायला लागल्या, कारण त्या काळी मोटारीच्या पत्र्याखाली सगळा सांगाडा लाकडाचा असे आणि आपल्याकडच्या पावसात तो कुजे. आजेसासरे लाकूड तासायचा वाकस घेऊन बसायचे आणि साहेबांच्या लाकडाच्या जागी आपला साग असा बसवायचे की पत्रा परत चढवल्यावर सांधा दिसत नसे. मामंजी फौजेत गेले, लढाईच्या काळात तिथल्या मोटारींच्या वर्कशॉपात इंजिन शिकले आणि परत येऊन वडिलांच्या शेजारी उभे राहिले. लाकूड बापाचं, इंजिन लेकाचं. मग आमचे हे. ह्यांची नोकरी कचेरीतली, पण संध्याकाळी पाच वाजले की शेडमध्ये बसून दाभणानं सीटचं चामडं शिवायचे, टपाचं कॅनव्हास शिवायचे, रंगाचे हात द्यायचे. आत्याबाई मला म्हणायच्या, "बघ, गाडीची सीट शिवतोय. तू पोलक्याला बटण लावाय सांगून बघ, सुई घावत न्हाई म्हणंल."

थोरलीच्या आधीही या शेडमधून काही गाड्या उभ्या राहून निघून गेल्या होत्या. कुणा डॉक्टरांची, कुणा निवृत्त साहेबांची. गाडी फाटकाबाहेर पडली की मामंजींना जेवण गोड लागायचं नाही, लेक सासरी पाठवल्यासारखे ते ओसरीवर बसून राहायचे. थोरली मात्र कुणाची नव्हती, घरची होती. ती कुठं जाणार नव्हती. म्हणून तिचं काम सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत जीव ओतून चाललं होतं.

आता माझ्या कानांबद्दल सांगते, कारण पुढं सगळं त्यांच्यावरच येणार आहे.

माहेरी विहिरीवर ऑइल इंजिन होतं. दिवसभर त्याचा ठोका मळ्यात घुमायचा. आमचं घर मळ्यातच असल्यानं मी त्या ठोक्यात वाढले. चूल सारवता सारवता मला कळायचं की पट्टा सरकतोय, किंवा इंजिनाला पाणी कमी पडलं आहे. वडील अंगणातल्या बाजेवर पडून विचारायचे, "काय म्हणतंय गं इंजिन?" मी सांगायची. मग म्हणायचे, "कळलंय न्हवं तुला? मग तूच जा." माझ्या कानांचं माहेरी कौतुक कधी झालं नाही, मला उन्हात पिटाळायला तेवढा त्यांचा उपयोग झाला.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात थोरली पहिल्यांदा सुरू झाली. ह्यांनी पुढून हँडल मारलं, मामंजी आत बसले होते. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धूर सोडला आणि धडधडायला लागली. गल्लीतली माणसं गोळा झाली. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. हे इतके आनंदले होते की सगळ्यांसमोर खिडकीकडं बघून हसले, आणि मला पटकन आत सरावं लागलं.

पण त्या धडधडीत मला एक बारीक टकटक ऐकू आली. इंजिनाची चार घरं, म्हणजे चार सिलिंडर, आणि त्यातलं एक लंगडत होतं. नवं बसवलेलं इंजिन, पहिल्या दिवशी असं चालायचंच. मामंजी उद्या करतील नीट, असं मला वाटलं.

मामंजींची इंजिन ऐकायची एक पद्धत होती. आजेसासऱ्यांनी बांधलेल्या शेवटच्या टांग्याच्या चाकाचा एक आरा त्यांनी जपून ठेवला होता, हातभर लांबीचा, धरून धरून गुळगुळीत झालेला. त्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाच्या भोकाशी. मग प्रत्येक घराचा आवाज वेगळा येतो. कुठली झडप सैल आहे, कुठली आवळ, ते त्या लाकडातून समजतं. सातारा-सांगलीकडची माणसं गाडी घेऊन यायची ती मामंजींच्या या आऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी आरा लावला. तिसऱ्या दिवशीही लावला. झडपा सैल केल्या, आवळल्या, परत सैल केल्या. आरा या कानाला लावायचे, मग त्या कानाला, आणि मग तो डोळ्यांसमोर धरून असा बघायचे जणू आऱ्यालाच काहीतरी झालं आहे. टकटक होती तिथंच होती. कधी वाढायची, कधी दुसऱ्या घरात जायची, थांबायची नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ध्यानात सगळ्यांच्याच आलेलं होतं, बोलत कुणी नव्हतं. रेडिओ गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. मामंजी म्हणायचे, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. आम्ही सगळे "व्हय, व्हय" म्हणायचो, आणि तेही ओरडून. घराला मोठ्यानं बोलायची इतकी सवय झाली होती की मी माहेरी गेले की आई म्हणायची, हळू बोल गं, आम्ही काय बहिरे आहोत का.

भादव्यात एकदा जेवताना मामंजी ताटावरून हात उचलून म्हणाले, "येत्या खंडेनवमीला हत्यारांची शेवटची पूजा. मग ज्याला पायजे त्याला देऊन टाकायची. गाडी बी."

ह्यांचा घास हातातच राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "आवं, असं काय बोलताय?"

"जिचा ठोका मला लागत न्हाई, ती दारात ठिवून काय करू? मेलीय ती. नुसती धडधड हाय, आत जीव न्हाई." आणि पाणी पिऊन ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कचेरीला निघताना चपला घालत म्हणाले, "त्यास्नी ऐकू येत न्हाई गं." घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि तेही दाराबाहेर बघत.

"मग तुमी ऐका की," मी म्हणाले.

"मला शिवण कळतं. ठोका न्हाई कळत. लहानपणापासनं त्यांनी कान धरून शिकवलं, पर न्हाई बसलं डोक्यात." ह्यांचा चेहरा मला बघवेना. शेड रिकामी झाली असती तर मामंजी ओसरीवर बसून राहिले असते, मग उठलेच नसते. ते मला दिसत होतं, ह्यांनाही दिसत होतं.

मला आधी राग आला. कुणावर ते नीटसं कळलं नाही. इतक्या मोठ्यानं बोलणारं घर आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही!

नवरात्र आलं, घट बसले. एका दुपारी मामंजींनी पुन्हा इंजिन चालू केलं. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या, मी शेजारी भाजी चिरत होते. टकटक सुरू झाली. मी विळी बाजूला सारली.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, गाडी लंगडतीय. चारातलं एक घर सैल हाय."

आत्याबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग पिठाच्या हातानंच त्या परसदाराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि ओरडल्या, "आवं! सून म्हणती, गाडी लंगडती!"

"काय?"

"लंगडती! चारातलं एक घर!"

शेजारच्या अंगणातलं धुणं थांबलं. मामंजींनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "तिला कसं कळलं?"

"कानानं!" आत्याबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांची इतक्या दिवसांची धास्ती, राग, माया सगळं होतं. मला वाटलं आता घरात काहीतरी फुटणार.

मामंजी म्हणाले, "बोलव तिला."

मी पदर सावरून शेडमध्ये गेले. हे त्या दिवशी घरीच होते, तेही पुढं झाले. मामंजींनी माझ्याकडं न बघता आरा पुढं केला. मी तो घेतला आणि तशीच उभी राहिले, कारण पदरावरून आरा कानाला लावून काही उपयोग नव्हता. कान उघडा करायचा तर पदर मागं सारावा लागणार, आणि समोर सासरे.

मामंजींच्या ते लक्षात आलं. ते पाठ फिरवून शेडच्या पत्र्याकडं तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा केल्यासारखे.

ह्यांनी हँडल मारलं. मी पदर खांद्यावर घेतला आणि आरा टेकवला. लाकडातून आवाज आला तो थेट डोक्यात. पहिलं घर स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यावर आले आणि चालताना उंबऱ्याला जोडवं लागावं तशी टिक् टिक् ऐकू आली. चौथं पुन्हा स्वच्छ.

मी दाराकडं बघितलं. "आत्याबाई, सांगा, तिसरं."

"तिसरं म्हणती!" आत्याबाई ओरडल्या.

पत्र्याकडं बघत मामंजींनी विचारलं, "लय सैल का थोडं?"

"लय सैल का थोडं म्हणत्यात!"

"थोडं," मी म्हणाले.

"थोडं म्हणती!" एवढ्यात आतून करपल्याचा वास आला. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्या पाठीकडं. "माझी भाकरी गेली. मी काय मधला खांब हाय व्हय? तुमचं तुमी बघा आता." आणि त्या खरंच आत निघून गेल्या.

इंजिन बंद करून मामंजींनी तसंच मागं सरत येऊन, माझ्याकडं पाठ ठेवत, तिसऱ्या घराची झडप आवळली आणि परत पत्र्यापाशी गेले. ह्यांनी हँडल मारलं. मी ऐकलं. टिक् टिक् कमी झाली होती, गेली नव्हती. आता सांगायचं कुणामार्फत? हे हँडल टाकून धावत पेट्रोलचं बघत होते, इंजिन धडधडत होतं, मामंजी वाट बघत उभे होते. त्यांची मान थोडी खाली गेली होती. टिक् टिक् गेली म्हणून मी गप्प आहे की मला काहीच कळलं नाही म्हणून, हेही त्यांना समजत नसणार, असं माझ्या मनात आलं आणि मला राहवेना.

"मामंजी!" मी सगळा जीव एकवटून ओरडले. "अजून जरासं!"

सासऱ्यांशी मी बोललेला पहिला शब्द हा असा, गल्लीला ऐकू जाईल इतका. मामंजी गर्रकन वळले. माझा पदर खांद्यावर होता, आरा कानाला होता, आणि मी काही तो काढला नाही.

"किती जरासं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं.

"केसभर!"

मग आम्ही दोघं कितीतरी वेळ काम करत होतो. ते आवळायचे, मी ऐकायची, "सैल", "आवळ", "बास" असं ओरडायची. शेजारणी भिंतीवरून बघून गेल्या असतील तर असोत. शेवटी एकदा आरा चारही घरांवरून फिरवला आणि कुठंच काही लागेना. नुसता ठोका, सारखा, माहेरच्या विहिरीवर ऐकू यायचा तसा. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं आणि मी हसायला लागले.

मामंजींनी बॉनेट लावलं, त्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "आता?" म्हणाले.

"आता ग्वाड चालतीय, मामंजी."

"हाताला कळतंय," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "कानाला न्हाई कळत. न्हाई कळत आता." ह्यांनी मान फिरवली. आत्याबाई करपलेली भाकरी हातात घेऊन परत दारात आल्या होत्या, त्यांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि धूर लय झालाय असं म्हणाल्या.

संध्याकाळी मामंजींनी ह्यांना सांगितलं की दसऱ्याला गाडी पलूसकडं न्यायची, सुनेच्या माहेरी. हत्यारं देऊन टाकण्याचं त्यांनी काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. पण मनात धाकधूक होती. बोललेला शब्द मागं घेणाऱ्यातले ते नव्हते.

खंडेनवमीला शेड शेणानं सारवली, थोरलीला झेंडूची माळ घातली. पाटावर पांढरं कापड अंथरून मामंजींनी हत्यारं रांगेत मांडली. आजेसासऱ्यांचा वाकस आणि रंधा, मग स्वतःचे पाने, मग ह्यांचं दाभण नि कात्री, शेवटी आरा. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, त्यांनाही एक दिवस विसावा, ही घरची रीत. आत्याबाई एकेका हत्याराला हळद-कुंकू लावत सरकत होत्या. आऱ्याला लावून त्या उठणार तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांब. एक ऱ्हायलंय."

आत्याबाईंनी रांग नजरेनं तपासली. "सगळी झाली की."

मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, हिकडं ये. पाटाशेजारी बस."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांना काही कळलं नव्हतं. मी जाऊन बसले.

"तिच्या कानास्नी लाव," मामंजी म्हणाले.

"आवं, काय तरीच काय!"

"हत्यारांची पूजा हाय न्हवं? माझं ह्यातलं एक गेलं. त्याच्या जागी आता हे हाय. दुसऱ्या कुणाला द्यायचं न्हाई आता काय."

मी पदर मागं सारला. या वेळी मामंजींनी पाठ फिरवली नाही. आत्याबाईंचं हळदीचं बोट आधी एका कानाच्या पाळीला लागलं, मग दुसऱ्याच्या, गार. मग कुंकू. मामंजींनी पाने, वाकस, आरा सगळ्यांना मिळून एकदाच हात जोडले. मी त्या रांगेच्या शेवटाला बसले होते, आणि नमस्कार कुणाला करायचा तेच मला कळेना.

उठताना ते आत्याबाईंना म्हणाले, "आज हत्याराला काम सांगायचं न्हाई. ध्यानात ठिव."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, आणि एकट्याच चुलीकडं गेल्या. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. मी ओसरीवर थोरलीकडं तोंड करून बसून राहिले, कानाचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून पदर मागं ठेवून, मामंजींच्या शेजारी.